एका 'कुठे'चे तीन प्रश्न

'किल्ल्या कुठे ठेवल्यास?' आणि 'किल्ल्या कुठे आहेत?' या दोन प्रश्नांतलं 'कुठे' एकच आहे का, असा विचार मराठी माणूस करत नाही. करायची गरजच पडत नाही. रशियनमध्ये मात्र पहिल्या प्रश्नाला 'कुदा' लागतं आणि दुसऱ्याला 'ग्द्ये'. कुदा ती पलझिल क्ल्युची? ग्द्ये क्ल्युची? ठेवताना किल्ल्या हातातून निघून कुठेतरी गेल्या, म्हणून कुदा. आता त्या तिथे नुसत्या पडून आहेत, म्हणून ग्द्ये. किल्ल्या त्याच, टेबल तेच, पण टेबलालाही दोन रूपं घ्यावी लागतात: ठेवल्या त्या 'ना स्तोल', आहेत त्या 'ना स्तल्ये'. आणि उचलल्या की तिसरा प्रश्न येतो, 'अत्कूदा', म्हणजे कुठून. त्याचं उत्तर 'सा स्तला'.

रशियन शिकायला लागल्यावर सहा विभक्त्या, क्रियापदांच्या जोड्या, जिभेला न वळणारे ध्वनी या सगळ्यांबद्दल आधीच कुणी ना कुणी बजावून ठेवलेलं असतं. या तीन प्रश्नांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ते पहिल्या काही धड्यांतच येतात, सोपे वाटतात आणि मागे पडतात. माझं मत असं की रशियन वाक्याचा कणा तिथेच आहे.

आपलं 'कुठे' आणि 'कुठून' एवढ्यावर भागतं. निघण्याची जागा मराठी काटेकोरपणे वेगळी ठेवते: घरून, तिथून, मॉस्कोहून, टेबलाखालून, दाराआडून. पण असण्याची जागा आणि पोचण्याची जागा यांची ती सहज सरमिसळ करते. घरी आहे, घरी चाललो. टेबलावर पुस्तक आहे, टेबलावर पुस्तक ठेव. नामांना 'त' आणि 'ला' असे दोन प्रत्यय आहेत खरे, आणि 'मॉस्कोत राहतो', 'मॉस्कोला जातो' इथे ते कामं नीट वाटूनही घेतात. पण 'हल्ली तो मॉस्कोला असतो' हे चांगलं मराठी आहे आणि 'चेंडू पाण्यात पडला' हेही. पहिल्यात 'ला' असून कुणी कुठे जात नाही, दुसऱ्यात 'त' असून चेंडू चांगला वरून खाली येतो. 'इकडे', 'तिकडे' यांच्यात दिशेचा थोडा अंश आहे, तोही 'आई इकडे आहे' म्हटलं की उडून जातो. याला ढिलाई म्हणायचं कारण नाही. मराठीत क्रियापद शेवटी येऊन सगळा उलगडा करतं, मग आधीच्या शब्दावर तेच ओझं पुन्हा कशाला टाकायचं?

रशियनमध्ये ते ओझं शब्दावर असतं, कारण क्रियापद पुष्कळदा येतच नाही. जिन्यात भेटलेला शेजारी विचारतो, 'वी कुदा?' तुम्ही कुठे, एवढंच. उत्तर येतं 'दमोय', घरी. जाणं, निघणं, परतणं यातलं काहीच कुणी उच्चारलं नाही, तरी दोघांना सगळं कळलं. कारण 'दमोय' फक्त घराकडे जाणारा माणूसच म्हणू शकतो. घरात असलेला माणूस म्हणेल 'दोमा'. टॅक्सीत बसून 'म्न्ये व त्सेन्त्र' म्हटलं की झालं, मला मध्यवस्तीत, आणि गाडी सुटते. ज्या भाषेत क्रियापदाशिवाय इतकं चालतं, तिथे नामाने स्वतःच सांगायला हवं की मी मुक्काम आहे की मी वाट आहे.

'दमोय'ची कुळकथा मला फार आवडते. जुन्या रशियनमध्ये दिशा दाखवायला नुसती चतुर्थी पुरायची, पुढे शब्दयोगी काही लागत नसे. 'कीव्हला गेला' हे आपण म्हणतो तसंच, चतुर्थीत, तेही म्हणत. ती रीत पुढे मोडली, तिच्या जागी नवी रचना आली. 'दमोय' हा त्या जुन्या चतुर्थीचाच झिजून उरलेला अवशेष. आपला 'ला' चतुर्थीचा, त्यांचा 'दमोय' चतुर्थीचा.

शाळेत संस्कृत झालेल्या माणसाला तर हे सगळं ओळखीचंच निघतं. 'वनं गच्छति', 'वने वसति', 'वनात् आगच्छति': द्वितीया, सप्तमी, पंचमी. रशियन जंगल म्हणजे 'ल्येस'. जंगलात जायचं तर 'व ल्येस', जंगलात असायचं तर 'व लिसू', जंगलातून यायचं तर 'इझ ल्येसा'. त्यांच्याकडे पंचमी केव्हाच षष्ठीत विरून गेली, म्हणून तिसरं रूप षष्ठीचं आहे, एवढाच फरक. प्रश्नांत मात्र गंमत उलटी झाली आहे. संस्कृतात 'कुत्र वससि' आणि 'कुत्र गच्छसि' यांत 'कुत्र' एकच, 'कुतः' तेवढा वेगळा. हेच आपल्या कुठे-कुठूनमध्ये उतरलं. रशियनने तीनही प्रश्न वेगळे ठेवले. आणि त्यातल्या 'ग्द्ये'चं जुनं रूप वेदातल्या 'कुह'चं सख्खं भावंड आहे. नासदीय सूक्त सृष्टीच्या आधीची स्थिती विचारताना ज्या शब्दाने 'कुठे?' विचारतं, त्याच्याच भावंडाने आज कुणीतरी मॉस्कोत आपला मोबाइल शोधत असतो.

आता नियमाकडे. पाठ्यपुस्तकं सांगतात की हालचाल असेल तर द्वितीया लावा, नसेल तर सप्तमी. (रशियन व्याकरणात तिचं नाव वेगळं आहे, पण काम आपल्या सप्तमीचं.) हा नियम अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्याने फार घोळ होतो. 'द्येती ब्येगायुत व सदू' म्हणजे मुलं बागेत पळताहेत. पळणं याहून मोठी हालचाल ती काय असणार? तरी बाग सप्तमीत आहे. कारण मुलं सगळा वेळ बागेतच आहेत. पळून पळून ती बागेबाहेर जात नाहीत की बाहेरून आत येत नाहीत. 'द्येती बिगूत व साद' म्हटलं की तीच मुलं बागेकडे धावत सुटली, आता पोचतील. क्रियापदाचं रूपही इथे बदललं आहे, येरझाऱ्यांचं पळणं वेगळं आणि एका दिशेचं पळणं वेगळं. पण खरा निवाडा बागेच्या शेवटच्या अक्षरावर होतो. विचारायचं ते इतकंच: या क्रियेने जागा बदलली का? हद्द ओलांडली गेली का? दिवसभर उद्यानात चालत राहा, जागा बदलत नाही. उलट खुर्चीवर बसायला एक पाऊलही लागत नाही, पण उभा माणूस खुर्चीत येतो तेव्हा त्याची जागा बदलते, म्हणून बसताना खुर्ची द्वितीयेत जाते आणि बसून झाल्यावर सप्तमीत येते.

हे एकदा बसलं की पुढच्या गोष्टी आपोआप लागत जातात, आणि खरी मजा तिथे सुरू होते जिथे शरीर हलतच नाही. खिडकीतून बाहेर बघायचं तर रशियन माणूस 'खिडकीत' बघतो, द्वितीयेत. नजर निघते आणि खिडकीकडे जाते. घरी फोन केला तर तो 'दमोय', कारण आवाज घरी जातो. विद्यापीठात प्रवेश मिळणं द्वितीयेत, विद्यापीठात शिकणं सप्तमीत. कामावर उशिरा पोचणं, 'अपझ्दात ना रबोतू', हेही द्वितीयेत. उशीर हीसुद्धा त्यांच्या लेखी एक वाट आहे. नामांनाही दिशा असते. 'बिल्येत व कझान' म्हणजे कझानचं तिकीट. 'अक्नो वा द्वोर' म्हणजे अंगणाकडे उघडणारी खिडकी. भिंतीत चिणलेली, जन्मात न हललेली खिडकी, आणि तिच्यापुढे द्वितीया. मॉस्कोच्या मेट्रोत जमिनीखालून वर यायच्या रस्त्यावर पाटी असते 'वीखद व गोरद', शहरात जाण्याचा मार्ग. नुसतं 'बाहेर' असं लिहून ती थांबत नाही. तुम्ही कशातून बाहेर पडता याच्याशी तिला कर्तव्य नाही, कुठे जाऊन पोचणार ते ती सांगते.

मॉस्कोची रेल्वे स्थानकंही अशीच दिशेने ओळखली जातात. कझान्स्की स्थानक कझानमध्ये नाही, तिथून कझानकडे गाड्या सुटतात. यारोस्लाव्स्की, किव्हस्की, बिलारूस्की, सगळी नावं तशीच. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग यांना जोडणारा लोहमार्ग 1851 मध्ये सुरू झाला. आज त्याच्या मॉस्कोकडच्या टोकाला लेनिनग्राद्स्की स्थानक आहे आणि पीटर्सबर्गकडच्या टोकाला मॉस्कोव्स्की. म्हणजे दोन्ही स्थानकं एकमेकांच्या गावाचं नाव लावून उभी आहेत. लेनिनग्रादचं नाव 1991 मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं, स्थानकाचं नाव तेवढं तसंच राहिलं. फलाटावरची घोषणाही ऐकण्यासारखी असते. गाडी येत असते ती 'ना प्येर्वी पूत', पहिल्या मार्गावर, द्वितीयेत. उभी राहिली की 'ना प्येर्वम पुती'. घोषणा करणारी बाई गाडी दिसायच्या आधीच सांगते की ती यायची आहे की आलेली आहे, आणि ते सांगते एका प्रत्ययात.

कानांचा प्रश्न मात्र खरा आहे. 'मध्ये'साठी रशियनमध्ये नुसतं 'व' हे व्यंजन आहे. त्याला स्वर नाही. ते पुढच्या शब्दाला चिकटतं, कठोर व्यंजनापुढे 'फ' होतं आणि भरभर बोलताना ऐकूही येत नाही. मग 'व मस्क्व्ये' आणि 'व मस्क्वू' यांतला फरक शेवटच्या स्वरावर येऊन ठेपतो: 'ये' असेल तर माणूस मॉस्कोत आहे, 'ऊ' असेल तर निघाला आहे. कान हे पकडायला शिकला, म्हणजे आता जमलं असं वाटतं, आणि तेवढ्यात क्राइमिया समोर येतं. 'व क्रीम' म्हणजे क्राइमियाकडे, 'व क्रिमू' म्हणजे क्राइमियात. इथे 'ऊ' मुक्कामाचा आहे! मॉस्को स्त्रीलिंगी, तिची द्वितीया 'ऊ'ने होते. क्राइमिया पुल्लिंगी, आणि पुल्लिंगी शब्दांच्या एका छोट्या, जुन्या गटाला सप्तमीतच आघात घेतलेला 'ऊ' लागतो. जंगल, बाग, पूल, किनारा, कोपरा, कपाट, विमानतळ असे रोजच्या वापरातले शब्द या गटात आहेत. दॉन नदीकाठचं रस्तोव शहर तर हे रूप नावातच घेऊन बसलं आहे, रस्तोव-ना-दनू. म्हणजे एकच स्वर एका शब्दात 'निघाला' सांगतो आणि दुसऱ्यात 'आहे' सांगतो. अशा वेळी नियमाची घोकंपट्टी उपयोगी पडत नाही. शब्द त्याच्या तिन्ही रूपांसकट एका दमात पाठ करावा, हाच मला सापडलेला खात्रीचा मार्ग: व क्रीम, व क्रिमू, इझ क्रीमा.

कुठल्या जागेला 'व' लागतो आणि कुठल्या जागेला 'ना', याचं तर्कशास्त्र थोडं दूर चालतं आणि मग थांबतं. आत असेल तर 'व', वर किंवा उघड्यावर असेल तर 'ना', इथवर ठीक. पण सायबेरियाला 'व' आणि उरालला 'ना', विद्यापीठाला 'व' आणि त्याच विद्यापीठातल्या विद्याशाखेला 'ना', पोस्टाला, कारखान्याला, स्थानकाला 'ना'. हे असंच आहे म्हणून घ्यायचं. परतीच्या वाटेवर मात्र कमालीची शिस्त दिसते. 'व' लावून गेलात तर 'इझ' लावून परत येणार, 'ना' लावून गेलात तर 'स' लावून. सायबेरियातून 'इझ सिबीरी', उरालहून 'स उराला'. आणि माणसाकडे जायचं असेल तर तिसरीच ओळ: डॉक्टरकडे जाताना 'क व्रचू', तिथे बसलेले असताना 'ऊ व्रचा', तिथून निघताना 'अत व्रचा'. आपल्या 'डॉक्टरांकडे आहे' आणि 'डॉक्टरांकडे चाललो' यांत 'कडे' एकच राहतो. ही शिस्त कळली की एक फायदा होतो: कुणी 'स' लावून आल्याचं सांगितलं की तो 'ना' लावून गेला होता हे न सांगता कळतं.

या इवल्या अक्षरांवर राजकारणही चालतं. रशियनमध्ये युक्रेनला परंपरेने 'ना' लावत आले. 1991 नंतर, देश स्वतंत्र झाल्यावर, इतर देशांप्रमाणे आपल्यालाही 'व' लावावा असा युक्रेनचा आग्रह राहिला, कारण 'ना' ऐकताना एखाद्या प्रांताचा किंवा मुलुखाचा भास होतो. आज रशियन बोलणारा माणूस यातलं कोणतं अक्षर निवडतो, यावरून तो कुठल्या बाजूचा आहे याचा अंदाज ऐकणारे बांधतात. म्हणून नवशिक्याला हे पहिल्या वर्षातच सांगायला हवं. व्याकरणाच्या तासाला न सांगितल्या गेलेल्या गोष्टी पुढे फार महागात पडतात.

टेबल मांडण्याचं उदाहरण द्यायचा मोह मला आवरत नाही, कारण तिथे हे सगळं एकदम समोर येतं. आपल्याला 'ठेवणे' हे एक क्रियापद बस होतं. रशियनमध्ये आडवं ठेवणं, उभं ठेवणं आणि टांगणं वेगळं. ताटली टेबलावर 'उभी' असते, काटा-चमचा 'आडवा' पडलेला असतो, ग्लास उभा. पुस्तक फडताळात उभं आणि टेबलावर आडवं. आणि यातल्या प्रत्येकाची जोडी आहे: तिथे नेऊन ठेवण्याचं क्रियापद द्वितीया मागतं, तिथे असण्याचं सप्तमी. चार माणसांचं टेबल मांडताना मनातल्या मनात हे बोलत जावं. ताटली ठेवली, आता उभी आहे. चमचा ठेवला, आता पडला आहे. प्रत्येक वस्तू हात सुटताच एका विभक्तीतून दुसरीत जाते. माझ्या मते कुठल्याही स्वाध्यायापेक्षा हा सराव चांगला.

'झा', म्हणजे 'मागे' किंवा 'पलीकडे', यालाही दोन विभक्त्या लागतात, आणि त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या मुलखाशी जोडलेलं आहे. त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकीतिन पंधराव्या शतकात वोल्गेवरून निघाला, इराण ओलांडून होर्मूझला आला, तिथून जहाजाने चौलला उतरला, जुन्नरला पावसाळ्यात राहिला, बीदरला गेला आणि शेवटी दाभोळहून परतीला लागला. स्मोलेन्स्कला पोचण्याआधी वाटेतच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या टिपणांना 'खझ्द्येनिये झा त्री मोर्या' म्हणतात, तीन समुद्रांपलीकडची यात्रा. तीन समुद्र म्हणजे कॅस्पियन, हिंदी आणि काळा, ते त्याने स्वतःच नोंदवले आहेत. यातलं 'त्री मोर्या' द्वितीयेत आहे. 'पलीकडे असणं' सांगायचं असतं तर तृतीया आली असती, 'झा त्रिम्या मर्यामी'. परतून आल्याचं सांगायचं असतं तर 'इझ-झा', पलीकडून. मराठीत 'तीन समुद्रांपलीकडे' म्हटलं की तो तिथे गेला की तिथे राहिला हे शीर्षकातून कळायचं नाही. मूळ शीर्षकात तो अजून जातोच आहे. चौल-जुन्नरमध्ये त्याने कितीतरी महिने काढले, तिथल्या बाजाराचं, पावसाचं, माणसांचं वर्णन केलं, पण लिहायला बसला तेव्हा आपल्या साऱ्या वर्षांना त्याने जाण्याची विभक्ती दिली. हे कळल्यावर ते शीर्षक मी पूर्वीसारखं वाचूच शकले नाही.

'कुदा' या प्रश्नाचा रशियन माणसाला थोडा धाकही आहे. प्रवासाला किंवा शिकारीला निघालेल्याला 'कुदा?' विचारणं अशुभ, काम फिसकटतं, अशी जुनी समजूत. विचारायचंच तर 'लांब का?' असं आडून विचारतात. मराठी वाचकाला हे नवीन वाटणार नाही. फरक इतकाच, की त्यांच्या समजुतीने बरोबर दिशेचा प्रश्न टाळला आहे. 'ग्द्ये'ला कुणी अशुभ मानत नाही.

या दोन प्रश्नांतलं अंतर सर्वांत जवळून दिसतं ते एका साध्या तक्रारीत. बरेच दिवस एखाद्या मैत्रिणीचा पत्ता नाही, फोन नाही. तिला निरोप पाठवायचा तर लिहायचं, 'कुदा ती प्रपाला?' कुठे गायब झालीस. गायब होणं हेही त्यांच्या भाषेत कुठल्यातरी दिशेने जाणं आहे, आणि ती अजून त्या दिशेलाच आहे. मग एक दिवस ती दारात उभी राहते. आता तोच प्रश्न विचारता येत नाही. क्रियापदाचं रूप बदलतं आणि त्याबरोबर प्रश्नही: 'ग्द्ये ती प्रपदाला?' इतके दिवस होतीस कुठे. आता ते एक ठिकाण झालं, जिथे ती होती आणि जिथून ती आली. मराठीत मी दोन्ही वेळा 'कुठे'च म्हणते आणि आवाजावरून माझ्या मैत्रिणींना काय ते कळतं. रशियन मैत्रिणीला मात्र पहिला प्रश्न वाचतानाच कळतं की मी अजून तिची वाट बघते आहे.